पेन्सिलची फुली

ऑक्टोबर म्हणजे आमच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षांची गोडी छाटणी. शिष्यवृत्तीचे अर्जही बहुधा याच धांदलीत येतात. मी शिकत होतो तेव्हाही यायचे.

१९९१ साली मी नाशिकला शिकायला आलो. सीबीएसला एसटीतून उतरलं की ओळखीचं कुणीतरी विचारायचं, "ईबीसी भरली का?" त्या फी-सवलतीच्या फॉर्मसाठी वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणला, मग तहसीलदाराच्या सहीसाठी तीन खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला एक दिवसाचं काम बुडायचं. ते दिवस परत यावेत असं मी कधीच म्हणणार नाही.

पण कॉलेजच्या ऑफिसात एक भाऊसाहेब होते. फॉर्म देण्याआधी जिथं जिथं पालकांची सही लागे, तिथं ते पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवत. अण्णांना सहीपुरतंच लिहिता यायचं. फुल्या पाहून त्यांनी कुणाला न विचारता सगळ्या सह्या केल्या. ते कागद पुढे सरकवताना त्यांची मान किती ताठ होती, हे मला अजून दिसतं. फॉर्म भरणारा माणूस कोण आहे, हे त्या भाऊसाहेबांना ठाऊक होतं.

आता ईबीसीला राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचं नाव आहे आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्याला मुदत बांधून दिली. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना गेलेल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क २०२४-२५पासून पूर्ण माफ झालं. माझी पुतणी त्याच वर्षी इंजिनिअरिंगला लागली. अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय हे तिला घरबसल्या दिसतं. आम्हाला ते स्वप्नातही दिसलं नसतं.

तरी परवा ती माझ्याकडे रडवेली होऊन आली. अर्ज 'सेंड बॅक' झाला होता. कारण एका ओळीचं, तेही इंग्रजीत. कुठला कागद, त्यात काय चुकलं, काही नाही. शिवाय शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. तिनं मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खातं उघडून त्याला आधार जोडला होता. म्हणजे पैसे आता तिकडे वळणार. हे तिला सायबर कॅफेवाल्यानं सांगितलं. अर्जातच दोन ओळी मराठीत का नसाव्यात? हे पान बांधणाऱ्यांनी एकदा, फक्त एकदा, अशा मुलीशेजारी बसून ती कुठं अडखळते ते पाहावं, असं मला फार मनापासून वाटतं.

आम्ही दोघं पुन्हा अर्ज उघडून बसलो. ओटीपी तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या दादाच्या फोनवर जातो, कारण आधारला त्याचाच नंबर आहे. दादा बागेत. पुतणीनं फोन लावला. त्यानं कात्री खाली ठेवली, रेंजसाठी बांधापर्यंत आला, चष्मा शोधला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागला. चौथ्या आकड्यावर वेळ संपली.

"पुन्हा पाठव गं," तो म्हणाला, "मी इथंच उभा आहे."