समास

आमच्या बेळगावच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. ती आजोबांची. आजोबा कलेक्टर कचेरीत कारकून होते, आणि ज्या कागदावर एकदा शिक्का उमटला तो कागद फाडणे म्हणजे देवाची तसबीर फाडण्याइतके अशुभ, अशी त्यांची समजूत होती. पुढे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरातील सगळ्यांची कागदपत्रे त्याच ट्रंकेत ठेवण्याचा प्रघात चालू ठेवला. २०२४ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती ट्रंक मी खाली काढली, ती माझे नेमणूकपत्र शोधण्यासाठी. त्या दिवशी सकाळी कंपनीच्या नव्या मालकांचे परिपत्रक आले होते.

परिपत्रक मोठे गोड भाषेत लिहिलेले होते. आपण सारे एक कुटुंब आहोत, समोरासमोर बसल्याने स्नेह वाढतो आणि कल्पना सुचतात, असे पहिल्या दोन परिच्छेदांत म्हटले होते. तिसऱ्यात मुद्द्याची गोष्ट होती. प्रत्येकाने आठवड्यातून तीन दिवस आपल्या नेमलेल्या कचेरीत हजर राहावे. आणि जे नव्वद दिवसांच्या आत त्या गावी राहावयास येणार नाहीत, त्यांनी स्वेच्छेने सेवा सोडली असे समजण्यात येईल. माझी नेमलेली कचेरी बेंगळुरूला, बेळगावपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर. ते सारे पत्र मी शांतपणे वाचले. पण ‘स्वेच्छेने’ या शब्दापाशी मात्र ठेच लागली, आणि ती अजून दुखते आहे.

मी बेळगावला आलो तोही काही माझ्या लहरीने नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये कंपनीनेच आम्हांला घरी धाडले. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला, त्याच्या चार दिवस आधी मी एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन टिळकवाडीतील घरी पोहोचलो. दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम समजून आलो होतो. वर्ष उलटले तेव्हा कंपनीच्या ध्यानात आले की काम तर अडलेले नाही, उलट बेंगळुरूतील दोन मजल्यांचे भाडे वाचते आहे. तेव्हाच्या वरिष्ठांनी संगणकाच्या पडद्यावरून आम्हां सर्वांना सांगितले, “जेथे आहात तेथेच राहा. आता पूर्वीचे दिवस परत येणार नाहीत.” त्या बोलण्यावर विसंबून मी बेंगळुरूचे भाड्याचे घर सोडले. पत्नीने येथील एका शाळेत नोकरी धरली. मुलगी कन्नड आणि मराठी मैत्रिणींत रमली. अण्णांची दृष्टी अधू होत चालली होती; रोज संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे हे माझे काम झाले. माणूस एका जागी रुजतो म्हणजे काय होते? अशाच चार-दोन लहान गोष्टी होतात.

२०२३ साली कंपनी विकली गेली. आम्हांला ते कळले वर्तमानपत्रातून, आणि त्यानंतर तासाभराने कंपनीकडून. विक्रीपूर्वी म्हणे कित्येक महिने हिशेबनीस येऊन मोजदाद करीत होते. ग्राहकांचे करार मोजले, संगणक मोजले, खुर्च्या मोजल्या, आमचीही डोकी मोजली. आम्हांला दिलेला शब्द तेवढा कोणी मोजला नाही. कसा मोजणार? तो कोठे लिहिलेलाच नव्हता. ट्रंकेतून माझे नेमणूकपत्र निघाले, ते २०११ चे. त्यात स्वच्छ छापले होते, ‘कामाचे ठिकाण : बेंगळुरू’. २०२१ मध्ये ती ओळ बदलून घ्यावी, एवढे मला सुचले नव्हते. कारकुनाचा नातू असून सुचले नव्हते, याची त्या रात्री लाज वाटली.

त्याच ट्रंकेत, नेमणूकपत्राच्या खाली, आजोबांची एक फाईल सापडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. जिल्ह्याचा चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. आजोबांची खुर्ची तीच, टेबल तेच, समोरची खिडकीही तीच. मालक मात्र एका रात्रीत बदलला. त्या वेळी अण्णा चौदा वर्षांचे होते. ते सांगतात, “त्या महिन्यात तुझे आजोबा जेवताना बोलत नसत. पगार मिळेल की नाही ही काळजी नव्हती. आपण आता कोणाचे, एवढाच त्यांना प्रश्न होता.”

या सीमाभागाच्या दुःखावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे; मला येथे त्यात शिरावयाचे नाही. मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात ११५ वे कलम आहे. एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे गेलेल्या नोकराच्या सेवेच्या अटी, केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून, त्याच्या अहिताच्या होतील अशा बदलता येणार नाहीत, अशी त्यात तरतूद आहे. नकाशावरच्या रेषा ओढणाऱ्यांना बेळगावच्या एका कारकुनाची आठवण राहिली होती! ती तरतूद प्रत्यक्षात किती जणांच्या उपयोगी पडली, हा प्रश्न निराळा. पण मालक बदलला तरी चाकराला दिलेला शब्द आपोआप मरत नाही, हे तत्त्व त्या काळच्या लोकसभेला मान्य होते.

मग माझे काय? मी एका वकील मित्राकडे गेलो. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तेव्हा लागू होता. एखादा उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि कामगाराच्या सेवेत खंड पडला किंवा तिच्या अटी पूर्वीहून कमी हिताच्या झाल्या, तर त्याला नोटीस आणि भरपाई मिळावी, असे १९५७ च्या दुरुस्तीपासून त्यात होते. मी आनंदलो. मित्र हसला. म्हणाला, “पहिली अडचण अशी, की संगणकापुढे बसून लठ्ठ पगार घेणारा तू ‘कामगार’ की नव्हे, यावरच कोर्टात वर्षे जातील. दुसरी त्याहून मोठी. तुमची कंपनी विकलीच गेलेली नाही. विकले गेले ते तिचे भाग. भागधारक बदलले, कंपनी होती तीच आहे. कायद्याच्या डोळ्यांना काही घडलेलेच दिसत नाही.” आजोबांची खुर्ची न हलता त्यांचे राज्य बदलले आणि कायद्याने त्याची दखल घेतली. माझे सारे जग हलले, पण कायद्याच्या दृष्टीने मी जागचा हललोच नव्हतो.

आमच्याच वाट्याला काही जगावेगळे आले, असे मात्र नाही. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉम या अमेरिकन कंपनीने व्हीएमवेअर ही कंपनी घेतली, तेव्हा नव्या प्रमुखांनी कचेरीपासून पन्नास मैलांच्या आत राहणाऱ्या नोकरांना कचेरीत येण्यास बजावले होते. तेथे निदान पन्नास मैलांची हद्द तरी आखलेली होती. आमच्या मालकांनी तेवढीही रेषा ओढली नाही.

नव्या मालकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते, असेही मी म्हणणार नाही. २०११ साली मी नोकरीला लागलो तेव्हा जे शिकलो, ते शेजारच्या टेबलावरील एका अनुभवी बाईंकडे पाहून. त्या चुका कशा शोधतात, चिडलेल्या ग्राहकाशी कशा बोलतात, न कळलेले ‘कळले नाही’ असे कशा सरळ सांगतात, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. टाळेबंदीत नोकरीला लागलेल्या मुलांना हे भाग्य लाभले नाही आणि त्यांच्या कामात ते दिसते. कोणी मला विचारले असते, की या मुलांसाठी महिन्यातून एक आठवडा याल का, तर मी आनंदाने गेलो असतो. पण विचारले कोणी? आमच्यातील एक मडगावचा गृहस्थ होता. घरी आई अंथरुणाला खिळलेली. परिपत्रक वाचून त्याने मला फोन केला, आणि एरवी माझ्याशी हिंदीत बोलणारा तो एकदम आपल्या भाषेत म्हणाला, “आमकां कोणें विचारलें?” साऱ्या तक्रारीचे सार त्या तीन शब्दांत होते.

तरी मी जाऊन पाहिले. घर बेळगावला ठेवून बेंगळुरूत एक खोली घेतली. रविवारी रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरावी, तीन दिवस कचेरीत बसावे आणि बुधवारी रात्री परतीची गाडी धरावी, असा क्रम सुरू झाला. कचेरीत काय पाहिले? एका लांबलचक दालनात साठ-सत्तर माणसे, प्रत्येकाच्या कानात यंत्र, आणि प्रत्येक जण दुसऱ्या गावच्या कोणाशी तरी बोलत आहे. माझे वरिष्ठ हैदराबादला, जोडीदार पुण्याला. ज्यांच्याशी मी घरून बोलत असे त्यांच्याशीच आता पाचशे किलोमीटर येऊन बोलत होतो. शेजारच्या मुलाला चार गोष्टी सांगाव्यात म्हटले तर तो वेगळ्याच कामावर, वेगळ्याच देशातील मंडळींशी बोलण्यात गुंतलेला. स्नेह वाढण्यास फुरसत असावी लागते. तेथे फक्त हजेरी होती. ती दारावरचे यंत्र घेई आणि दर सोमवारी तिचा तक्ता वरिष्ठांकडे जाई. ते बिचारे सज्जन होते. म्हणाले, “मलाही हे पटत नाही, पण तक्त्यात तुमचे नाव लाल अक्षरात आले, की उत्तर मला द्यावे लागते.”

जुलैमध्ये एका मंगळवारी, बेळगावात पावसाची झड लागलेली असताना, अण्णा न्हाणीघरात घसरले. मनगटाचे हाड मोडले. पत्नी शाळेत होती. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेले. मला फोन आला तेव्हा मी दालनात बसून पुण्याच्या जोडीदाराशी बोलत होतो. रात्रीची गाडी मिळाली आणि सकाळी घरी पोहोचलो. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून अण्णा पडले होते. माझा आवाज ऐकताच म्हणाले, “तू कशाला आलास? तुझी हजेरी बुडेल ना!” ते हे मनापासून म्हणाले होते. कारकुनाच्या मुलाला हजेरीचे महत्त्व ठाऊक होते. पण ते ऐकून मला जे वाटले, त्यानंतर मी फार दिवस ती नोकरी करणार नाही, हे माझे मला कळून चुकले.

नोव्हेंबरात मी राजीनामा दिला. दिला म्हणजे काय, पडद्यावरचा एक तक्ता भरला. त्यात कारणांची यादी होती : अधिक चांगली संधी, उच्च शिक्षण, कौटुंबिक कारण, इतर. मी ‘इतर’ निवडले. पण त्यापुढे काही लिहिण्यास जागाच नव्हती. सर्वांत खाली एक चौकोन होता : ‘मी हा राजीनामा स्वेच्छेने देत आहे.’ त्या चौकोनात खूण केल्यावाचून पुढचे बटण चालेना. बराच वेळ मी तसाच बसलो. अखेर खूण केली.

त्या वेळी मला आजोबांच्या फाईलीतला एक कागद आठवला. १९५७ साली त्यांच्यापुढे ज्येष्ठतेची एक यादी आली होती. तीत त्यांचे नाव कैक नावांखाली ढकललेले होते, आणि ‘पाहिली’ म्हणून सही करणे भाग होते. आजोबांनी सही केली. पण सहीच्या डाव्या बाजूस, समासात, बारीक अक्षरांत लिहिले : ‘हरकत राखून.’ त्या दोन शब्दांनी त्यांचा क्रम एकाही जागेने वर सरकला नाही. ते निवृत्त झाले ते त्याच हुद्द्यावर. पण आपल्या संमतीवाचून घडलेल्या गोष्टीला त्यांनी संमतीचे नाव लागू दिले नाही. कागदाला समास असतो. सरकार कितीही मोठे असले, तरी कागदावरची तेवढी दोन बोटे जागा गरिबाची असते. माझ्यापुढच्या पडद्याला समास नव्हता.

मी सध्या बेळगावातच एका लहान कंपनीत काम करतो. पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक. गमतीची गोष्ट अशी, की येथे मला रोज, आठवड्याचे सहा दिवस, कचेरीत जावे लागते. दुसऱ्या रेल्वे फाटकावरून चालत जातो. शेजारच्या टेबलावर दोन नवी मुले आहेत, आणि मला जे येते ते मी त्यांना दाखवतो. कचेरीशी माझे वैर कधीच नव्हते. या मालकांनी पहिल्याच दिवशी विचारले होते, “रोज येणे जमेल ना?” मी ‘हो’ म्हणालो. आणि या वेळी ते लिहूनही घेतले.

राजीनाम्याच्या त्या तक्त्याची छापील प्रत मी काढली होती. तिच्या डाव्या बाजूस शाईने ‘हरकत राखून’ असे लिहिले, तारीख घातली, सही केली. ती कोणाला पाठवावयाची नव्हती. अण्णांनी विचारले, “काय लिहिलेस?” मी वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, “आजोबांच्या कागदाशेजारी ठेव.” मी तो ट्रंकेत ठेवला आणि ट्रंक पुन्हा माळ्यावर चढवली.