तांबं गंजत नाही

रसायनशास्त्राच्या पुस्तकात धातूंची एक उतरंड असते. हायड्रोजनला शून्य धरायचं (तो बिचारा धातूसुद्धा नाही) आणि बाकीच्यांना त्याच्या वरखाली बसवायचं. सोनं +१.५० व्होल्ट, चांदी +०.८०, तांबं +०.३४, खाली कथील −०.१४, लोखंड −०.४४, जस्त −०.७६. लग्नाच्या पंगतीत मानपानाप्रमाणे पाट मांडावेत तसला प्रकार. पुस्तकी मराठीत याला 'विभव' म्हणतात. बारावीत असताना मी हा तक्ता मोठ्यानं घोकत होतो, तेव्हा आजीला ते 'वैभव' ऐकू आलं. सोन्याचं वैभव सगळ्यांत जास्त आणि जस्ताचं सगळ्यांत कमी, हे ऐकून ती म्हणाली, "एवढ्यासाठी महाडला कॉलेजात कशाला जायला हवं?"

आजीला आता कोण सांगणार, की हे आकडे चिक्कूपणाचे असतात! वरच्या पाटावरचे धातू आपले इलेक्ट्रॉन सुखासुखी सोडत नाहीत आणि खालचे सोडायला टपलेलेच असतात. वरचा एक आणि खालचा एक असे दोघे ओलाव्यात एकमेकांना टेकले, की खालचा देत सुटतो आणि झिजतो; वरचा घेत राहतो आणि धडधाकट राहतो. मधल्या देवाणघेवाणीला वीज म्हणायचं. जस्त-तांब्याचा असा घट डॅनियल नावाच्या इंग्रजानं १८३६ साली तयार केला. त्यात १.१० व्होल्ट मिळतात. ०.३४ आणि ०.७६ यांची बेरीज करता आली, की विद्यार्थी पास. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही त्यांनी चांदी भरलेल्या दाढेखाली चॉकलेटचा चंदेरी कागद चावून पाहावा. घट लगेच सापडतो.

आमच्या घरी हा घट छपरावर बांधला गेला.

घर आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूरच्या अंगाला. पाऊस काय तो महाबळेश्वरला पडतो असा लोकांचा समज आहे. त्यांनी जुलैत एकदा घाट उतरून आमच्याकडे यावं. त्या दिवसांत आमच्या घरात कोरडी अशी एकच गोष्ट असे, ती म्हणजे आजीचं बोलणं. वानरं कौलं फोडतात म्हणून मागच्या पडवीवर जस्ती पत्रे घातले होते. जस्ती पत्रा म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. बारीक ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त सांभाळून घेतं. मुलामा कथलाचा असता, तर ओरखडा पडल्याबरोबर लोखंडालाच पुढे केलं असतं. धातूंमध्येही माणसं पाहून सोयरीक करावी लागते.

मुंबईला वायरमन असलेले काका एका शिमग्याला आले ते तांब्याच्या जाड तारेचं भेंडोळं घेऊन. ते कुठून आणलं, हे विचारायची घरात पद्धत नव्हती. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून त्यांनी जागोजाग भोकं पाडली आणि पत्रे वाशांना तारेनं करकचून बांधले. "लोखंडी तार सडते. तांबं कधी गंजत नाही," असं त्यांनी शिडीवरून सगळ्या वाडीला ऐकवलं.

तिसऱ्या पावसाळ्यात पडवी गळायला लागली. पडवीच्या माळ्यावर दिवाळीपर्यंत खायचं भात होतं. एका सकाळी आईनं पोत्यात हात घातला तर आतून वाफ आली आणि दाण्यांना मोड दिसले. आधी वानरांना शिव्या बसल्या, मग पत्रे विकणाऱ्याला.

काका गणपतीला आले आणि भिजलेलं भात बघून गप्प झाले. त्या दिवसापासून ते जेवताना दुसऱ्यांदा भात घेईनात. आजीनं वाढायला आणला की ताटावर आडवा हात.

त्याच सुट्टीत आमचे रसायनाचे सर पाहुण्यांना प्रतापगड दाखवायला निघाले होते, ते चहाला थांबले. छपराची गोष्ट निघाली तशी धोतराचा काचा मारून शिडीवर चढले. तार जराशी काळवंडलेली, पण शाबूत. प्रत्येक तारेभोवती मात्र बोराएवढं भोक, कडा गंजून भुगा झालेल्या; आणि तिथून वीतभर अंतरावरचा पत्रा नव्यासारखा! सर खाली आले आणि म्हणाले, "काका, तुमचं बरोबर आहे. तांबं गंजत नाही. ते शेजाऱ्याला गंजवतं."

काका काहीच बोलले नाहीत. वायरमनला विजेनं असं छपरावर गाठावं, हे जरा फारच झालं. सरांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी चहा पुन्हा मागवला आणि बोटीची गोष्ट काढली. १७६१ साली इंग्रजांच्या आरमारानं 'अलार्म' नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले. समुद्रातल्या किड्यांनी लाकूड पोखरू नये म्हणून. मारले लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांनी तपासलं तर कित्येक खिळे खाऊन गेलेले आणि पत्रे सुटलेले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी मध्ये तसाच राहून गेला होता. तिथले खिळे तेवढे धड निघाले.

"१७६१?" काका म्हणाले, "म्हणजे पानिपताचं साल! आणि आरमाराला कळलं नाही?"

"नाही कळलं."

त्या रात्री काकांनी तीनदा भात घेतला. गणपती विसर्जनापर्यंत सगळ्या वाडीला माहीत झालं, की असा प्रकार आजवर दोनच ठिकाणी घडलाय: इंग्रजांच्या आरमारात आणि आमच्या पडवीवर.

पुढच्या मे महिन्यात त्यांनी तार काढून टाकली, पत्रे बदलले, आणि जस्ती आकडे व डांबरी वायसर आणले. वायसरनं काम भागलं असतं. पण आरमाराला डांबरानं वाचवलं नव्हतं, कागदानं वाचवलं होतं. म्हणून काकांनी प्रत्येक वायसरखाली कागदाची दुहेरी चकती कापून घातली. जूनमध्ये धाकट्या भावंडांची शाळा सुरू झाली, तेव्हा वह्यांना घालायला घरात खाकी कागदाचा एक ताव उरला नव्हता.