मॉरिशस : ज्वालामुखीच्या भूमीवर एक दिवस

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाच्या निसर्गदर्शनाची एकदिवसीय सहल बहुधा क्युरपिप शहरातील ‘त्रू ओ सेर्फ’ या सुप्त ज्वालामुखीच्या काठावर सुरू होते. सुमारे ३०० मीटर रुंदीच्या या विवरात आज गर्द झाडी आहे. अशाच मुखांतून उसळलेल्या लाव्ह्याने हे बेट घडवले, असे मार्गदर्शक सांगतो. पुढचा थांबा गंगा तलावाचा. तेही एक विवरच. महाशिवरात्रीला बेटभरातून भाविक येथे पायी येतात.

दुपारी शामारेल येते. लाल, तपकिरी, जांभळ्या मातीच्या लहान टेकड्या उन्हात झळकत असतात. बेसॉल्ट खडक युगानुयुगे झिजून लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली, त्यांचे हे रंग. कोकणातील जांभाही अशाच झिजेतून जन्मला, हे उमगताच परकी भूमी ओळखीची वाटू लागते.

परतताना ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातील दरीपाशी गाडी थांबते. १५९८ मध्ये डच या बेटावर उतरले. शिकारीमुळे आणि जहाजांतून आलेल्या उंदीर-डुकरांमुळे पुढील शंभर वर्षांच्या आत उडता न येणारा डोडो नामशेष झाला. मॉरिशस केस्ट्रेल हा लहान शिकारी पक्षीही त्याच वाटेवर होता. १९७४ मध्ये रानात अवघे ४ पक्षी उरले होते. अंडी जपून, पिल्ले वाढवून रानात सोडण्यात आली आणि वंश टिकला. डोडोच्या खात्यात काहीच उरले नाही; येथे ४ पक्ष्यांची शिल्लक होती, तेवढ्यावर खाते पुन्हा उभे राहिले. सूर्य कलतो, तरी प्रवाशांची नजर त्या पक्ष्यासाठी दरीवरच खिळलेली असते.