बायोस नवं, भानगड जुनी

लग्नसराईत मी मशीनला हात लावत नाही. एडिटिंगच्या धंद्यात काम चालू असेपर्यंत विंडोजचं अपडेटसुद्धा पुढे ढकलतात, मग मशीन जागं करणाऱ्या बायोसची काय कथा! म्हणून बायोसचं अपडेट मी पावसाळ्यावर टाकलं होतं. मशीन 2023च्या सुरुवातीला असेंबल केलेलं, बायोस दुकानातून आलं तेच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘लोगोफेल’ नावाची त्रुटी उघड झाली. कॉम्प्युटर सुरू होताना कंपनीचा जो लोगो दिसतो, ते चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच भोकं निघाली. तिथे बनावट चित्र घुसवलं तर विंडोज जागं व्हायच्या आधीच मशीनचा ताबा दुसऱ्याकडे. अँटिव्हायरसचा हात तिथवर पोचत नाही. माझ्या बोर्डाच्या नव्या बायोसमध्ये यावरची दुरुस्ती होती.

डोंबिवलीत पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि बायोस लिहिलं जात असताना ती गेली तर बोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो. म्हणून यूपीएसची बॅटरी तपासली, पेनड्राइव्ह फॅट32मध्ये फॉरमॅट केला आणि जुन्या बायोसच्या एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढला. अपडेट बिनबोभाट झालं. मग स्क्रीन काळा. पंखे फिरताहेत, चित्र नाही. डीडीआर5 रॅमचं हे असंच असतं. बायोस बदललं की बोर्ड एकेका स्टिकशी नव्याने जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि माझ्यासारख्या चार स्टिक असल्या की त्यात बरीच मिनिटं जातात. इथेच घाबरून पॉवरचं बटण दाबणारे पुष्कळ. त्यानंतर डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरने 48 आकडी रिकव्हरी की मागितली. ती कागदावर लिहिलेली होती, म्हणून निभावलं.

विंडोज सुरू झालं. बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्स्पो प्रोफाइल पुन्हा चालू केलं, म्हणजे आधीसारखा 5600चा वेग. संध्याकाळी एका साखरपुड्याची फिल्म रेंडरला लावली आणि अर्ध्यावर निळा स्क्रीन आला. दुसऱ्या दिवशी नुसता ब्राउझर उघडा असताना आला. मग आपोआप रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर 41च्या लाल नोंदींची रांग लागली.

या 41 नंबरने फार लोकांचे पैसे खर्च करवलेत. नावात ‘पॉवर’ असल्यामुळे संशय थेट एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर जातो. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला फोन केला तर तोही म्हणाला, “साहेब, एसएमपीएस गेला. नवीन टाका, प्रश्न मिटेल.” पण ही नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. कारण ती सांगत नाही. एसएमपीएस दगा देतो तेव्हा मशीन बहुधा दिवा विझावा तसं क्षणात बंद पडतं, निळा स्क्रीन दाखवायलाही त्याला सवड मिळत नाही. माझ्याकडे निळा स्क्रीन येत होता आणि त्यावरचा कोड दर वेळी वेगळा होता. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल, कधी भलत्याच ड्रायव्हरचं नाव. एकच ड्रायव्हर बिघडला असता तर साधारण तोच कोड पुन्हा पुन्हा आला असता. कोड भटकायला लागले की आधी रॅमकडे बघावं.

तोवर हे नुसतं त्रासाचं प्रकरण होतं. धास्ती बसली ती वेगळ्याच गोष्टीने. कॅमेऱ्याच्या कार्डवरून फुटेज उतरवलं की मी दोन्हीकडची चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी खूण, ताडून बघतो. त्या आठवड्यात एका फाइलची चेकसम जुळेना. पुन्हा कॉपी केली, जुळली. कार्ड ठीक, डिस्क ठीक. म्हणजे बिघाड वाटेत, रॅममध्ये. क्रॅश निदान दिसतो तरी. रॅममधला एखादा बिट उलटून तसाच डिस्कवर लिहिला गेला तर कुणाला कळत नाही, आणि लग्नातला मंगलाष्टकांचा शॉट पुन्हा घेता येत नाही. त्याच दिवशी मी मशीनवरची सगळी कामं थांबवली.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा शिरस्ता. एक्स्पो बंद केलं, सगळं डिफॉल्टवर ठेवलं आणि मेमटेस्ट86 रात्रभर चालवलं. चूक शून्य. दोन-दोन स्टिकच्या जोड्या आळीपाळीने 5600ला तपासल्या. दोन्ही स्वच्छ. चारही एकदम 5600ला लावल्या आणि चुकांचा पाऊस पडला. म्हणजे स्टिक निर्दोष, बोर्डही निर्दोष. मग जुन्या बायोसवर दीडेक वर्ष हेच कसं बिनतक्रार चाललं?

उत्तर मोबाइलमधल्या फोटोत सापडलं. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला ज्यातून वीज मिळते ते एसओसी व्होल्टेज जुन्या बायोसमध्ये ‘ऑटो’वर होतं आणि बाजूला आकडा होता 1.36. नव्यात तोच 1.25च्या आसपास. 2023च्या एप्रिलमध्ये रायझन 7000 एक्सथ्रीडी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचे फोटो जगभर फिरले होते. तेव्हा हे प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने एसओसी व्होल्टेजला 1.3ची मर्यादा घातली आणि बोर्ड बनवणाऱ्यांनी ती नव्या बायोसमध्ये आणली. माझा प्रोसेसरही रायझन 7000च, आणि बायोस त्याआधीचं. चार स्टिक 5600ला चालत होत्या त्या या जादा व्होल्टेजच्या जोरावर.

एएमडीचा अधिकृत तक्ता उघडला तर मामला आणखी स्पष्ट झाला. रायझन 7000साठी दोन स्टिक असतील तर 5200, चार असतील तर फक्त 3600. त्यापुढचं सगळं नशिबाचं. रॅमच्या खोक्यावर छापलेला आकडा त्या खोक्यातल्या दोन स्टिकपुरता असतो. तसली दोन खोकी आणली म्हणून चौघींना तो लागू होत नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही, आणि बोर्डाच्या जाहिरातीत चार खाचा मात्र ठळक दिसतात.

भाचा म्हणाला, “मामा, जुनं बायोस परत टाक ना, विषय संपला.” खरंच संपला असता. पण ते टाकणं म्हणजे लोगोफेलची भोकं पुन्हा उघडणं आणि प्रोसेसरला पुन्हा 1.36वर बसवणं. ज्या व्होल्टेजने चिप जळू शकते त्याच्यावर उभं असलेलं स्थैर्य मला नको होतं. नवं बायोस ठेवलं, एसओसी 1.2वर बांधलं, चारही स्टिक 4800ला लावल्या. मेमटेस्ट पुन्हा रात्रभर, नंतर मोठाल्या फाइलींची कॉपी आणि चेकसम. सगळं जुळलं. लांबलचक फिल्मच्या रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच.

नवं मशीन असेंबल करणार असाल तर 64 जीबीसाठी 16च्या चार नको, 32च्या दोन स्टिक घ्या, आणि त्याही एकाच खोक्यातल्या. दुकानदाराने उरलेल्या दोन खाचा दाखवल्या तरी त्या रिकाम्याच राहू द्या.