माहेरपण

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी घरांत भाद्रपद लागला की गृहिणीच्या मनात आनंदाच्या आधी धास्ती उभी राहते. इ. स. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगढात उतरली. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. त्या ओघात आलेल्या कुटुंबांनी आपल्या महालक्ष्म्याही सोबत आणल्या. कुळाच्या महालक्ष्म्या पुष्कळदा एकाच घरी बसतात. भाऊ नागपूरला, पुण्याला गेले. जो गावी राहिला त्याच्या घरी देवी राहिली, आणि देवीमागोमाग तिचे सारे गणगोत.

अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. पूजनाच्या दिवशी पुरण, कढी, आंबील, सोळा भाज्या आणि देवीपुढे टांगायचा फुलोरा. हे सारे बहुधा एकाच बाईच्या पाठीवर. पाहुणे आरतीला उभे राहतात, तेव्हा तिचे लक्ष पुरणपोळीच्या तव्याकडे असते.

याच पंधरवड्यात छत्तीसगढी घरांत तीजा येतो. आदल्या रात्री कारल्याच्या भाजीसह ‘करू भात’ जेवून स्त्रिया निर्जळ उपवास धरतात; परंतु तो धरायला त्या माहेरी गेलेल्या असतात. बाप किंवा भाऊ त्यांना न्यायला येतो. भांडी घासणारी बाईही जाते, आणि मराठी गृहिणी कुरकुरते. त्या कुरकुरीत रागापेक्षा हेवा अधिक असावा. कामवालीला माहेर मिळते. गौरीही माहेरवाशीणच, तिचे तीन दिवस कौतुक होते. दोघींची वाट पाहणारीला मात्र या दिवसांत उंबरठा ओलांडता येत नाही.

यावर उतारा पदार्थ कमी करण्यात नाही, हात वाढविण्यात आहे. फुलोऱ्याच्या करंज्या आठवडाभर आधी तळून ठेवता येतात. भाज्या आदल्या रात्री आलेल्या साऱ्यांनी मिळून निवडाव्यात. सोवळे नेसून पूजा करणाऱ्या हातांनी पुरण वाटले तर सोवळे मोडत नाही. नैवेद्यानंतर पहिल्या पंगतीला स्वयंपाक करणारीने बसावे, आणि दिरांनी, भाच्यांनी वाढावे.

सोपी वाटणारी ही शेवटची गोष्टच सर्वांत कठीण. वर्षानुवर्षे शेवटच्या पंगतीला जेवलेल्या बाईला पहिल्या पाटावर बसवताना आग्रह करावा लागतो. ती दोनदा उठते. तिसऱ्यांदा बसते, आणि आपण रांधलेले अन्न गरम जेवते.