उमरखेडात उमरखेडकर नाही

हजेरी घेण्याचा बहुतेक प्राध्यापकांना कंटाळा असतो. मला नाही. नव्या वर्षाचे हजेरीपत्रक हाती आले, की पालेभाजी निवडायला बसावे तशी मी आडनावे निवडत बसते. राठोड आणि जाधव दरवर्षी ढिगाने असतात. वानखेडे असतात, कदम असतात. पैनगंगेच्या अंगाने आलेली 'वार' आणि 'वाड' अशा शेपटांची लांबलचक आडनावे असतात. ढाणकी, विडूळ, मुळावा इकडून सकाळच्या एस.टी.ने येणारी ही मुले. अठरा वर्षे झाली, मी ही पत्रके वाचते आहे. पण एक आडनाव मला त्यांत कधी भेटले नाही, आणि ते भेटले नाही हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. ते आडनाव म्हणजे उमरखेडकर.

ध्यानात आणून दिले ते एका पाहुण्याने. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज नुकते उघडले होते. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, वय पंचाहत्तरीच्या घरात, असे एक गृहस्थ शिपायाच्या मागोमाग आमच्या खोलीत आले. "ताई, तुम्हाला मोडी येते म्हणून कळालं. मी हैदराबादेहून आलो. काचीगुड्याला राहतो. माझं नाव उमरखेडकर."

बोलणे मराठीच, पण उर्दूच्या हेलाने कडा गोल झालेले. बँकेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्यात. त्यांच्या पणजोबांचे वडील सालारजंगांच्या दिवाणगिरीत कारकुनीसाठी उमरखेडहून हैदराबादेस गेले, एवढी एकच गोष्ट घरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती. आता त्यांना गाव पाहायचे होते, आणि जमले तर घर. घर नसेल तर घराची जागा. तीही नसेल तर निदान, अमुक आळीत तुमचे लोक राहात होते असे सांगणारा कोणी म्हातारा माणूस.

मला वाटले, सोपे काम आहे. आपले गाव ते केवढे! त्या दिवशी दुपारचे तास आटोपून मी त्यांना घेऊन निघाले. आधी चिन्मयमूर्ती संस्थानात गेलो. तिथे ओट्यावर बसलेल्या एका आजोबांना मी म्हटले, "आबा, हे उमरखेडकर. यांचं घराणं इथलंच. कोणती आळी असेल?"

आबांनी पाहुण्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "उमरखेडकर तं आमी सारेच हाओ बाप्पा! यायचं इथलं नाव काय होतं थे सांगा ना."

मी पाहुण्यांकडे पाहिले. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. ते त्यांना ठाऊक नव्हते.

मराठीच्या प्राध्यापिकेला हे त्या ओट्यावरच्या आबांकडून शिकावे लागले, याची मला आजही थोडी लाज वाटते. 'कर' लागलेले आडनाव गावात राहून मिळत नाही, ते गाव सोडल्यावर मिळते. उमरखेडात सगळेच उमरखेडचे, मग तेवढे सांगून कोणाची ओळख पटायची? पण तोच माणूस हैदराबादेच्या कचेरीत जाऊन बसला, की शेजारचा कारकून विचारतो, "कुठले आपण?" उत्तर येते, "उमरखेडचा." झाले, तो उमरखेडकर झाला. पुढे मुलगा शाळेत जातो, मास्तर तेच नाव पटावर चढवतात आणि ते पिढ्यांना चिकटते. म्हणून पुसदकर शोधायला पुसदला जाऊ नये, आणि हदगावकर शोधायला हदगावला. लताबाई मंगेशकर १९२९ साली जन्मल्या त्या इंदूरला. बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, पण त्यांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत. शाळेच्या पटावर आंबडवेकरचे आंबेडकर झाले, ते जगभर गेले.

ही रीत काही आपलीच नव्हे. जर्मन भाषेत आपल्या 'कर'ची जागा 'अर' घेतो. हॅम्बुर्गचा तो हॅम्बुर्गर, फ्रँकफर्टचा तो फ्रँकफर्टर. ज्याच्यामुळे आपल्या आजोबांच्या घरात तबकड्यांवरून गाणे आले, तो ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर १८५१ साली जन्मला तो बर्लिनमध्ये नव्हे, हॅनोव्हरमध्ये, आणि नाव कमावले ते अमेरिकेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९३९ ते १९६२ न्यायाधीश असलेले फेलिक्स फ्रँकफर्टर मूळचे व्हिएन्नाचे. म्हणजे तिकडेही गाव सुटल्याशिवाय गावाचे नाव लागत नाही. आपला एखादा मंगरूळकर आणि हे बर्लिनर एका बाकावर बसले, तर एकमेकांचे दुःख दुभाष्याशिवाय कळेल.

आमच्या पाहुण्यांच्या बाबतीत इतिहासानेही थोडी खोडी काढली होती. वऱ्हाड निजामाचे होते तोवर उमरखेडहून हैदराबादेस जाणे म्हणजे आपल्याच राज्याच्या राजधानीला जाणे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि पैनगंगेला सरहद्दीचा मान मिळाला. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे निजामाचा. कचेरीची भाषाही तिकडे आधी फारसी, मग उर्दू. सोयरीक नदी ओलांडून चालू राहिली, पण गेलेल्या कारकुनाचा मुलगा, नातू हे त्या बाजूचेच झाले. १९५६ साली विदर्भ आणि मराठवाडा एका राज्यात आले तेव्हा पैनगंगा पुन्हा नुसती नदी झाली, पण तोवर हैदराबाद शहर आंध्रात गेले होते. आमचे पाहुणे दुसऱ्यांदा पलीकडे राहिले.

नदीपलीकडचे मला थोडे ठाऊक आहे, कारण माझे माहेर तिकडचे. माझे माहेरचे आडनाव 'वार'कारान्ती. ते इथे लिहिले तर नांदेडकडची चार घरे लगेच ओळखतील, म्हणून लिहीत नाही. चारच घरे म्हणण्याइतके ते विरळ आहे. आमच्या घरात आजी देवापुढे तेलुगूत पुटपुटायची आणि आमच्यावर रागवायची ती मराठीत. ही 'वार' आडनावे तेलुगूतून आली. तिकडे आडनावाला 'इंटिपेरु', म्हणजे घराचे नाव, म्हणतात आणि ते माणसाच्या नावाच्या आधी लावतात. 'वारु' हे आदराचे रूप, 'ते लोक', 'ती मंडळी' अशा अर्थाचे. कोत्तावार हे आडनाव घ्या. 'कोत्त' म्हणजे नवा. कोत्तावार म्हणजे नवी आलेली मंडळी. कोणत्या गावात, कोणत्या शतकात नवी होती कोण जाणे, पण गावाने एकदा 'नवे' म्हटले आणि घराणे कायमचे नवे राहिले.

आता 'वाड'. तेलुगूत 'वाडु' म्हणजे 'तो'. आदर नाही, नुसता तो. मेकलवाड: 'मेक' म्हणजे शेळी, तेव्हा शेळ्यांचा तो. (गायकवाडांनी रागावू नये, त्यांचे 'वाड' वेगळे.) एका वर्षी तासाला मी हे मोठ्या उत्साहाने फळ्यावर लिहिले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हुशार पण अबोल. म्हणाला, "म्हणजे मॅडम, आमच्या पणज्याला कोणी 'वारु' म्हटलंच नाही?"

वर्ग हसला. तो हसला नाही. मी म्हटले, नियम इतका घट्ट नसतो. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार गरीब घरातले होते आणि त्यांच्या नावात 'वार' होतेच. त्यांच्यामागून १९६३ साली आलेले वसंतराव नाईक तर आपल्या शेजारच्या, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. मूळचे राठोड, पण आजोबा तांड्याचे नायक म्हणून पुढे नाईक झाले. सारे खरे. पण त्या मुलाच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि मलाही. मला त्या क्षणी आठवले ते माझे वडील, आमचे नाना. मी शाळेत असताना कुठल्याशा दाखल्यावर आमच्या नावापुढे कारकुनाने 'वार'ऐवजी 'वाड' लिहिले, तेव्हा एरवी मुंगीलाही न दुखवणारे नाना भर दुपारी सायकल काढून गेले आणि ते एक अक्षर बदलून घेऊन आले. एका अक्षराचा एवढा राग का, ते मला त्या शेवटच्या बाकाने सांगितले.

पाहुणे उमरखेडात तीन दिवस राहिले. घर सापडले नाही. सापडणार कसे? ज्या नावाने ते शोधत होते त्या नावाचे माणूस या गावात कधी राहिलेच नव्हते. जोशी, कुलकर्णी, देशपांडे की आणखी काही, ते नाव नदीपलीकडे कुठेतरी गळून पडले होते. रात्री आमच्याकडे जेवायला आले तेव्हा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "माझ्यानंतर हेही नाही ताई. मला भाऊ नाही, मुलगा नाही. हैदराबादेत दुसरे उमरखेडकर मला माहीत नाहीत. कुठे असतील, तर ते आमचेच असं कशावरून? दुसराही कोणी इथून गेला असेल."

मी त्यांना गॉल्टनसाहेबाची गोष्ट सांगितली. इंग्लंडात मोठ्या घराण्यांची आडनावे का बुडतात, हा प्रश्न त्याने १८७३ साली गणितज्ञांपुढे टाकला. वॉटसन नावाच्या धर्मोपदेशकाने तो सोडवला आणि पुढल्या वर्षी दोघांनी मिळून निबंध छापला. वॉटसनचे उत्तर असे, की पुरेशा पिढ्या जाऊ दिल्या तर सगळीच आडनावे बुडतील. गणितात त्याची चूक होती, ती पुढे लोकांनी दाखवली. सरासरीने प्रत्येकाला एकाहून जास्त मुलगे होत असतील, तर काही घराणी टिकतात. पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "आणि मुली?" त्यांनी विचारले.

गॉल्टनने मुली मोजल्याच नव्हत्या. आडनावाच्या हिशेबात त्या शून्य. आम्हीही दोघी बहिणीच. माझे सासरचे आडनाव असे आहे की चौकात हाक मारली तर दहाजण वळून पाहतील. मी लग्नानंतर ते लावले ते कोणी बळजबरी केली म्हणून नव्हे. सगळ्याजणी लावायच्या, मीही लावले. नाना तेव्हा काही बोलले नाहीत. बोलावे असे त्यांना वाटले असेल, हे मला त्या रात्री पाहुण्यांना वरण वाढताना प्रथमच सुचले.

निघताना मी त्यांना एक वाट सुचवली. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात. यात्रेला आलेल्या माणसाचे नाव, बापाचे, आज्याचे, उपनाव, गाव, सारे वह्यांतून उतरलेले, जुन्या नोंदी मोडीतल्या. तुमच्या घरातले कोणी तरी गोदावरीवर गेलेच असेल. ते म्हणाले, "बघतो." मला वाटले, विषय संपला.

गेल्या चैत्रात माझ्या मोबाइलवर एका पिवळ्या पानाचा फोटो आला. मुलीला घेऊन ते नाशिकला गेले होते. दोन दिवस गेले, पण गुरुजींनी वही काढून दिली. मी चष्मा पुसून वाचायला बसले. पहिली नोंद मोडीत, अक्षर किरटे: उपनाव जोशी, वस्ती उमरखेड, हल्ली हैदराबाद. तिच्याखाली मुलाच्या हातची: जोशी उमरखेडकर. त्याच्याखाली नातवाची, बालबोधात, ऐसपैस: उमरखेडकर. जोशी कुठे गळले ते पानावर चक्क दिसत होते, दुसऱ्या नोंदीत नि तिसऱ्या नोंदीत बोटभर अंतर.

संध्याकाळी फोन आला. "सापडलो ताई! जोशी!" आवाजात विशीतला उत्साह. मग जरा थांबून, "उमरखेडात जोशी असतील ना?"

"असतील काका. माझ्या एका वर्गातच तीन आहेत."

"त्यांच्यातले आमचे कोणते?"

मला काही बोलता येईना. तिकडून हसण्याचा आवाज आला. "म्हणजे पुन्हा हरवलो म्हणा!"

फोटो मी मग पुन्हा पाहिला. पानाच्या तळाशी, ताज्या निळ्या शाईत, आणखी एक सही होती. मुलीची. लग्नाला बारा वर्षे झालेल्या त्या मुलीने आपल्या नावापुढे उमरखेडकर लिहिले होते.

मी तो फोटो नानांना पाठवला. बराच वेळ काही उत्तर नाही. रात्री जेवणे झाल्यावर त्यांचा फोन आला.

"ती खालची निळी सही कोणाची?"

"त्यांच्या मुलीची."

"लग्न झालेलं आहे ना तिचं?"

"हो."

"अस्सं," नाना म्हणाले. मग फोन तसाच हातात धरून आत आईला विचारताना ऐकू आले, "अगं, आपली वही कुठं असेल? बासरला, का नाशिकला?"