तीन तारा

विमानाची मोटर उलटी फिरली, म्हणून मी अब्बांकडे गेलो. नाहीतर गेलो नसतो.

झालं असं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पण आठवीतल्या तीन मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी रिमोटवर उडणारं विमान करायचं ठरवलं आणि त्यांच्यासोबत थांबायची जबाबदारी माझ्यावर आली. विमान फोमच्या शीटचं, पंखांचा पसारा एक मीटर. नाकावर प्लायवूडचा तुकडा चिकटवून त्यावर चार स्क्रूंनी मोटर बसवली. तिच्या तीन तारा स्पीड कंट्रोलरला आणि कंट्रोलर ११.१ व्होल्टच्या लिथियम बॅटरीला जोडला. थ्रॉटल सरकवला तर वारा मागे जायच्या ऐवजी पुढे! गोंधळात मी हात पुढे केला आणि बोट कापून घेतलं. चाचणीआधी प्रोपेलर काढून ठेवायचा असतो, हे रक्त आल्यावर कळलं.

अब्बांनी उद्यमनगरात चाळीस वर्षं मोटरी भरल्या. कागल-हातकणंगल्याचे शेतकरी उसाच्या पाण्याच्या जळालेल्या मोटरी घेऊन यायचे. अब्बांच्या अंगाला वार्निशचा वास कायम असायचा. बी.एड.च्या प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' लिहिलं होतं. अर्जावर सही अब्बांचीही होती. त्यांनी वाचलं, सही केली, काही बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांनी चष्मा लावून मोटर हातात घेतली. पन्नासेक ग्रॅमची. त्यावरचा '१००० केव्ही' वाचून मोठ्यानं हसले. "हजार केव्ही? पूरा कोल्हापूर जलेगा बेटा!" मुलांनी सांगितलं, इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही, एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे, म्हणजे प्रोपेलर नसताना साधारण अकरा हजार. अब्बांनी अंगठ्यानं मोटर हळूच फिरवली. चुंबकांचे अटकाव बोटांना लागले. "कार्बन किधर है?" कार्बन नाहीच. वेटोळी आत स्थिर, चुंबकं लावलेली बाहेरची वाटी फिरते, आणि कंट्रोलर बॅटरीची वीज तीन तारांत आळीपाळीनं सोडतो.

"तो ये थ्री फेज है," ते म्हणाले. "पंखा निकाल पहले. अब कोईबी दो तारां अदल-बदल कर."

केलं. मोटर सुलटी फिरली. शेतातली पाच हॉर्सपॉवरची मोटर उलटी फिरली की हाच इलाज करतात. मी लहानपणी दुकानात बसून तो शंभरदा पाहिला होता आणि विसरलोही होतो.

उजळाईवाडीच्या विमानतळापासून लांब, ऊसतोड झालेल्या एका शेतात पहिलं उड्डाण केलं. विमान हातातून सुटताच डावीकडे कलून सरीत पडलं. प्रोपेलर मागून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्याचा उलटा झटका विमानाला डावीकडे ढकलतो. घरी येऊन सांगितल्यावर अब्बा म्हणाले, "पंप और मोटर की लाइन नहीं मिली तो क्या करते? पॅकिंग." डावीकडच्या दोन स्क्रूंवर, मोटर आणि प्लायवूडच्या मध्ये, पातळ वॉशर घातले. मोटरचं तोंड दोन-तीन अंश उजवीकडे वळलं.

पुढच्या रविवारी अब्बाही रिक्षानं शेतावर आले. विमान चढलं, एक मोठी फेरी घेऊन परत आलं. अब्बा बघत नव्हते. मान खाली घालून, डोळे मिटून मोटरचा आवाज ऐकत होते. "बेअरिंग अच्छा है," एवढंच म्हणाले.

प्रदर्शनाच्या अर्जात 'मार्गदर्शक' असा रकाना होता. मुलांनी माझं नाव लिहिलं होतं. मी त्याच्यावर अब्बांचं नाव लिहिलं आणि पुढे व्यवसाय: मोटर वायंडर.

अर्ज त्यांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी वाचला. या वेळीही काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "बोट भरलं का?"